कॉन्फिग फाईलमधले ॲट्रिब्यूट रकान्यात लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांसाठी, तसेच बेळगाव जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून नवी मुलं-मुली आमच्याकडे कामाला येतात. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात एक्सएमएल या टॅगांच्या भाषेतली कॉन्फिग फाईल, म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंगची फाईल, पडते आणि पुढचे प्रश्न येतात. दरवेळी तोंडी सांगतो, या वेळी लिहून काढले आहे.

टॅग म्हणजे टोकदार कंसात लिहिलेली नोंद, आणि तिच्यातली नाव="किंमत" अशी प्रत्येक जोडी म्हणजे ॲट्रिब्यूट. उदाहरणांतली टॅगची नावे मुद्दाम देवनागरीत ठेवली आहेत. एक्सएमएलला ती चालतात, फक्त नावाची सुरुवात अंकाने करता येत नाही. आमच्या खऱ्या फाईलींत नावे रोमन लिपीत असतात, म्हणजे कानडी शाळेतून आलेल्या सहकाऱ्यालाही ती तितकीच सहज वाचता येतात. आकडेही खऱ्या फाईलीत इंग्रजीच लिहा. एक्सएमएल स्कीमाचा (फाईलीतला डेटा कसा असावा ते ठरवणाऱ्या नियमांचा) पूर्णांक प्रकार देवनागरी अंक स्वीकारत नाही.

रकान्यात लावायचे म्हणजे नेमके काय करायचे?

किराणा दुकानाची जुनी खतावणी पाहिली असेल. तारखेखाली तारीख, नावेखाली नावे, जमेखाली जमा. रेघा फिकट झाल्या तरी आकडे जागेवर असतात, म्हणून महिन्याभराचे पान एका नजरेत वाचता येते. फाईलीतही तेच करायचे आहे. ही न लावलेली फाईल:

<काटा क्र="१" पोर्ट="कॉम३" वेग="९६००" बिट="७" पॅरिटी="सम" नाव="भरलेला ट्रॅक्टर"/>
<काटा पोर्ट="कॉम४" क्र="२" बिट="७" पॅरिटी="सम" वेग="९६००" नाव="रिकामा ट्रॅक्टर"/>
<काटा क्र="३" नाव="बैलगाडी" वेग="९६००" पोर्ट="कॉम११"/>

आणि ही लावलेली:

<काटा क्र="१"  पोर्ट="कॉम३"   वेग="९६००"  बिट="७"  पॅरिटी="सम"  नाव="भरलेला ट्रॅक्टर"/>
<काटा क्र="२"  पोर्ट="कॉम४"   वेग="९६००"  बिट="७"  पॅरिटी="सम"  नाव="रिकामा ट्रॅक्टर"/>
<काटा क्र="३"  पोर्ट="कॉम११"  वेग="९६००"                          नाव="बैलगाडी"/>

तुमच्या पडद्यावर हे रकाने थोडे वाकडे दिसत असतील. ते देवनागरीमुळे होते, त्याचे उत्तर पुढे आहे.

एवढ्या स्पेस टाकल्या तर फाईल बिघडणार नाही ना?

नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० प्रसिद्ध केले, तेव्हापासून नियम तोच आहे. दोन ॲट्रिब्यूटांमध्ये किमान एक मोकळी जागा लागते. ती एक स्पेस असो, दहा स्पेस असोत, टॅब असो की नवी ओळ, वाचणाऱ्या प्रोग्रामला सगळे सारखेच. बंद होणाऱ्या तिरक्या रेघेआधीही स्पेस चालते. टॅग उघडणारे चिन्ह आणि टॅगचे नाव यांच्यामध्ये मात्र अजिबात चालत नाही.

नवीन मुलांची चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. रकाना सरळ दिसावा म्हणून ती स्पेस अवतरणचिन्हाच्या आत टाकतात: पोर्ट="कॉम३ ". डोळ्याला सुरेख दिसते, पण आता पोर्टच्या नावाच्या शेवटी एक स्पेस चिकटली. त्या नावाचे पोर्ट यंत्रावर नसते, मग ते उघडत नाही आणि फाईलीकडे बघून कारणही कळत नाही. अवतरणचिन्हांच्या आतला मजकूर हा डेटा आहे, त्याला हात लावायचा नाही.

ॲट्रिब्यूटांचा क्रम बदलला तर?

चालतो. एकाच टॅगमधल्या ॲट्रिब्यूटांच्या क्रमाला एक्सएमएलमध्ये अर्थ नसतो. मात्र एका टॅगमध्ये एकच नाव दोनदा आले तर ती घातक चूक धरली जाते आणि फाईल वाचणे तिथेच थांबते. क्रम लावताना कॉपी-पेस्ट करत असाल तर हे आधी तपासा.

मग हा खटाटोप कशासाठी? प्रोग्रामला तर फरकच पडत नाही.

प्रोग्रामला पडत नाही, माणसाला पडतो. मला हे एका गाळप हंगामात समजले, ते सविस्तर सांगतो.

एका साखर कारखान्यात तीन काट्यांचे काम आमच्याकडे होते. काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा, सिरियल पोर्ट या एकामागून एक बिट नेणाऱ्या जोडणीवरून वजन पाठवतो. ते वाचायला वेग, डेटा बिट आणि पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) दोन्ही बाजूंना सारखी लागते. तिन्ही इंडिकेटर ७ बिट, सम पॅरिटीवर होते. तिसरा काटा नवा जोडला, तेव्हा फाईलीत त्याची ओळ मी लिहिली, ती वरच्या पहिल्या उदाहरणासारखी. बिट आणि पॅरिटी लिहायचे राहून गेले. ॲट्रिब्यूट नसले की आमचा प्रोग्राम ८ बिट, पॅरिटी नाही, असे धरत असे.

सकाळी रिकाम्या काट्यावर चाचणी घेतली. पडद्यावर शून्य आले, सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिली भरलेली गाडी चढली आणि आकड्यांच्या जागी भलतीच चिन्हे दिसू लागली. पुढची गाडी चढली, तिचे काही आकडे बरोबर, काही चिन्हे. केबल बदलली, इंडिकेटर बंद करून चालू केला, अर्थिंग तपासले. बाहेर बैलगाड्यांची रांग वाढत होती. तोडलेला ऊस उन्हात वाळतो तसे त्याचे वजन घटते, आणि ते नुकसान शेतकऱ्याचे. हे माहीत असूनही मी तीन तास फाईलीकडे पुन्हा पाहिले नाही. आधी एकदा पाहिली होती, त्यात काही दिसले नव्हते.

कारण असे होते. सम पॅरिटीत अंकाच्या ७ बिटांमध्ये १ असलेल्या बिटांची संख्या विषम असेल, तर आठवा बिट एक करून ती सम केली जाते. ८ बिट वाचणारा प्रोग्राम तो आठवा बिटही अक्षराचाच भाग समजतो. ०, ३, ५, ६, ९ या अंकांत अशा बिटांची संख्या आधीच सम, म्हणून ते नीट येतात. १, २, ४, ७, ८ यांची भलती चिन्हे होतात. रिकाम्या काट्यावर नुसती शून्ये, म्हणून चाचणी पास. १७४२० किलो आले तर पाचांपैकी फक्त शेवटचे शून्य वाचता येणार.

शेवटी सहकाऱ्याने तिन्ही ओळी एकाखाली एक लावल्या. तिसऱ्या ओळीत बिट आणि पॅरिटीच्या जागी पडलेला दात दिसावा तसे भगदाड दिसले. दुरुस्तीला मिनिटही लागले नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे काट्यांची फाईल रकान्यात लावल्याशिवाय कारखान्यात जात नाही.

म्हणजे सगळ्याच फाईली अशा लावायच्या का?

नाही, आणि याबाबत मी आग्रही आहे. ओळी एकाच जातीच्या असतील, प्रत्येकीत तेच चार-सहा ॲट्रिब्यूट असतील, म्हणजे मुळात तो तक्ताच असेल, तर लावा. काट्यांची यादी, यंत्रांची यादी, गावे आणि पिनकोड, वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार हे सगळे तक्ते आहेत. निपाणी ५९१२३७, खानापूर ५९१३०२, चिकोडी ५९१२०१ असे पिनकोड एकाखाली एक आले की त्यात पाच अंकांचा एखादा घुसला तर लगेच उघडा पडतो.

पण एका ओळीत डेटाबेसचा पत्ता, दुसऱ्या ओळीत लॉगची पातळी, तिसरीत कंपनीचा लोगो, अशी फाईल असेल तर तिथे रकाने ओढूनताणून आणू नका. एकमेकांशी तुलनाच करायची नसेल तर सरळ रेषेचा उपयोग काय? मग नुसत्या मोकळ्या जागा राहतात आणि डोळा त्यात हरवतो. प्रोग्रामिंगच्या जगातही यावर एकमत नाही. गो भाषेचे गोएफएमटी हे साधन रचनेतल्या ओळी आपणहून रकान्यात लावते. पायथनची पेप ८ नियमावली बरोबरच्या चिन्हाआधी जादा स्पेस टाकून ओळी जुळवू नका असे सांगते. दोन्हीकडे विचार आहे. आपल्याकडे निकष एकच ठेवा: ओळींची तुलना करावी लागते का?

टॅब की स्पेस?

रकान्यांसाठी फक्त स्पेस. टॅबची रुंदी टर्मिनलवर ८, कोणाच्या एडिटरमध्ये ४, कोणाकडे २. तुमच्याकडे सरळ दिसलेले दुसरीकडे विस्कटते.

बरोबरचे चिन्हही एका रेषेत आणायचे का?

ॲट्रिब्यूट एकाखाली एक, दर ओळीला एक असे लिहिले असतील तर आणा, छान वाचता येते. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस ठेवायची परवानगी आहे. याच परवानगीचा आणखी एक उपयोग होतो. वजन किंवा रक्कम यांसारखे आकडे उजवीकडे जुळवायचे असतील तर स्पेस बरोबरच्या चिन्हानंतर, पण अवतरणचिन्हाच्या आधी टाका. किंमत बदलत नाही आणि एककाखाली एकक येते. एरवी मी हे करत नाही. रुपयांच्या आणि किलोंच्या रकान्यात मात्र करतो.

मराठी किंवा कानडी नावे आली की रकाने वाकडे होतात. आमचे काय चुकते?

तुमचे काही चुकत नाही. इथे आपल्या लिपीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. इंग्रजीत लिहिणाऱ्या लोकांना ही अडचण येत नाही, म्हणून त्यांच्या सूचनांत ती सापडणारही नाही.

"निपाणी" डोळ्याला तीन अक्षरे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, सहा चिन्हे: न, पहिली वेलांटी, प, काना, ण, दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे १८ बाइट. "संकेश्वर" चार अक्षरे, आठ चिन्हे, २४ बाइट. आता "अथणी" घ्या. तीन अक्षरे, पण चिन्हे चारच. चिन्हे मोजून स्पेस भरणारी स्क्रिप्ट अथणीला निपाणीपेक्षा दोन स्पेस जास्त देणार, आणि दोन्ही शब्द दिसायला जवळजवळ सारख्याच लांबीचे. बाइट मोजणारी स्क्रिप्ट याहून जास्त चुकणार.

मग अक्षरे मोजून भागेल का? तेही पुरे पडत नाही. काना आणि वेलांट्या या जागा घेणाऱ्या खुणा, तर मात्रा, उकार, अनुस्वार या अक्षराच्या वर-खाली बसणाऱ्या, असे वर्गीकरण युनिकोडनेच केले आहे. त्यात "श्व" सारखे जोडाक्षर किती रुंद दिसेल ते फॉन्टवर ठरते. एडिटरसाठी निवडलेल्या समान रुंदीच्या फॉन्टमध्ये बहुधा देवनागरी नसतेच. ती अक्षरे दुसऱ्या फॉन्टमधून उसनी येतात आणि त्यांची रुंदी वेगवेगळी असते. कानडीचेही हेच आहे.

स्पेस मोजून हे कधीच तंतोतंत जमणार नाही. आम्ही काढलेला मार्ग साधा आहे: देवनागरी किंवा कानडी मजकूर असलेले ॲट्रिब्यूट ओळीत सर्वात शेवटी ठेवायचे. वरच्या उदाहरणात "नाव" म्हणूनच शेवटी आहे. खऱ्या फाईलीत त्याच्या डावीकडचे सगळे रकाने रोमन अक्षरांचे आणि इंग्रजी अंकांचे असतात, त्यामुळे ते सुतात राहतात. शेवटच्या रकान्याच्या उजवीकडे काही नसते, म्हणून तो कितीही लांबला तरी कोणाला धक्का लागत नाही. मराठी आणि कानडी अशी दोन नावे असतील तर ती दोन्ही शेवटी, आणि दुसऱ्याची सुरुवात वाकडी झाली तर होऊ द्या.

कोणते साधन वापरावे?

थोड्या ओळी असतील तर हात आणि स्तंभ-निवड पुरेशी आहे. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ऑल्ट दाबून माऊस ओढला की उभा पट्टा निवडता येतो. व्हीएस कोडमध्ये शिफ्ट आणि ऑल्ट दोन्ही दाबा. विम वापरणाऱ्यांना टॅब्युलर किंवा ईझीअलाइन हे प्लगइन आहेत. ईमॅक्समध्ये अलाइन-रेजएक्स्प ही आज्ञा आहे.

एक्सएमएललिंट या एक्सएमएल तपासणाऱ्या साधनाचा फॉरमॅट पर्याय इथे कामाचा नाही. तो फाईल वाचून झाडासारखी रचना मनात ठेवतो आणि नव्याने लिहितो, त्यात ॲट्रिब्यूटांमध्ये एकेकच स्पेस उरते. म्हणजे लावलेले रकाने तो मोडतो. युनिक्सची कॉलम आज्ञा रिकाम्या जागेवर शब्द तोडते, म्हणून "भरलेला ट्रॅक्टर" यासारख्या किमतीचे ती दोन तुकडे करते.

आम्ही शेवटी पायथनमध्ये स्वतःची छोटी स्क्रिप्ट लिहिली. एकाच टॅगच्या सलग ओळी ती एक गट धरते, अवतरणचिन्हे सांभाळून ॲट्रिब्यूट सुटे करते, प्रत्येक नावासाठी सर्वात लांब किंमत शोधते आणि मग त्या रुंदीला भरून ओळ लिहिते. ॲट्रिब्यूट नसेल तर तेवढी जागा कोरी सोडते. जी ओळ तिला नीट कळत नाही, म्हणजे शेरा, सीडेटा (जसाच्या तसा ठेवायचा मजकूर), अर्धवट टॅग, तिला ती हात लावत नाही. शेवटचा नियम सर्वात महत्त्वाचा आहे. बंद करणारे चिन्ह ॲट्रिब्यूटच्या किमतीतही येऊ शकते, त्यामुळे नुसत्या शोधा-बदला पद्धतीने टॅग कुठे संपला ते ओळखायला जाल तर फसाल.

स्क्रिप्टने नकळत काही बदलले नाही याची खात्री कशी करायची?

एक्सएमएलचे प्रमाणरूप, म्हणजे तोच मजकूर लिहायची एकच पद्धत, ठरलेले आहे. कॅनॉनिकल एक्सएमएल १.० ही शिफारस मार्च २००१ ची. त्या रूपात ॲट्रिब्यूट ठरलेल्या क्रमाने लागतात आणि त्यांच्यामध्ये नेमकी एक स्पेस राहते. आधीची आणि नंतरची अशा दोन्ही फाईलींचे प्रमाणरूप एक्सएमएललिंटच्या सी१४एन पर्यायाने काढा आणि ताडून पाहा. तुम्ही फक्त टॅगच्या आतली मोकळी जागा आणि क्रम बदलला असेल तर दोन्ही बाइट-बाइट सारखी निघतात. एका बाइटचाही फरक दिसला तर फाईल पुढे पाठवू नका. एक्सएमएललिंट रकाने लावायला निरुपयोगी असले तरी राखणदार म्हणून त्याला तोड नाही.

रकाने लावले की गिटमध्ये सगळीच ओळ बदललेली दिसते. नेमका बदल कसा शोधायचा?

गिट म्हणजे फाईलींतले बदल नोंदवून ठेवणारे साधन. रकान्यांविरुद्धची सर्वात खरी तक्रार हीच आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या १२ शहरांची नावे बदलली. आमच्या एका फाईलीत शहरांचा रकाना रोमन लिपीत होता: बेळगाव, धारवाड, विजापूर, हुबळी, गदग. जुन्या स्पेलिंगांत सर्वात लांब नाव ७ अक्षरांचे होते. बेळगावी ८ अक्षरांचे झाले, हुबळीचे ५ चे ८ झाले, विजयपुरा १० वर गेले. नावे तीनच बदलली, पण रकाना तीन घरांनी रुंदावल्यामुळे फाईलीतली प्रत्येक ओळ बदलली. तपासणाऱ्याला कुठे नाव बदलले आणि कुठे नुसत्या स्पेस वाढल्या हे एकेक ओळ वाचून शोधावे लागले.

त्यानंतर आम्ही तीन सवयी लावून घेतल्या. मांडणीचा कमिट (गिटमधली बदलाची एक नोंद) आणि मजकुराचा कमिट कायम वेगळे ठेवायचे, एकाच दिवशी केले तरी. रकाना नेमका मापाचा न ठेवता पुढच्या चारच्या पटीपर्यंत रुंद ठेवायचा, म्हणजे एखादे अक्षर वाढले तर शेजारच्या ओळी हलत नाहीत. आणि फरक पाहताना मोकळी जागा दुर्लक्षित करणारा डब्ल्यू पर्याय वापरायचा, तो फरक दाखवणाऱ्या डिफ आज्ञेलाही आहे आणि कोणती ओळ कोणी बदलली ते सांगणाऱ्या ब्लेमलाही. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेममध्ये ठरावीक कमिट वगळायची यादीही देता येते. मांडणीचे कमिट त्या यादीत टाका, म्हणजे ओळ खरोखर कोणी लिहिली ते कळत राहते.

ओळ पडद्याबाहेर जात असेल तर?

आडवे सरकवून वाचावे लागले की रकान्याचा फायदा गेला. आम्ही १२० अक्षरांवर थांबतो. त्यापुढे जात असेल तर ॲट्रिब्यूट दर ओळीला एक असे उभे लावतो.

डिजिटल सही असलेली फाईल लावू का?

एक्सएमएल सही प्रमाणरूपावर होते, त्यामुळे टॅगच्या आतल्या स्पेसमुळे ती मोडत नाही. पण दोन टॅगांच्या मधली मोकळी जागा प्रमाणरूपात तशीच राहते. तिथे एक नवी ओळ जादा पडली तरी सही अवैध ठरते. एडिटर सेव्ह करताना तिथे काय करेल याचा भरवसा नसतो. म्हणून सही झालेली फाईल उघडून बघा, सेव्ह करू नका.

मी लावतो आणि शेजारच्याचा एडिटर सेव्ह करताना सगळे मोडतो.

एडिटरच्या सेटिंग फाईलीबरोबरच रेपॉझिटरीत (गिटमधल्या सामायिक साठ्यात) ठेवा, प्रत्येकाच्या मर्जीवर सोडू नका. व्हिज्युअल स्टुडिओत एक्सएमएलच्या फॉरमॅटिंगखाली हाताने लावलेली मांडणी तशीच राखण्याचा पर्याय आहे. व्हीएस कोडमधल्या रेड हॅटच्या एक्सएमएल एक्स्टेंशनमध्ये ॲट्रिब्यूट कसे तोडायचे या सेटिंगला प्रिझर्व्ह ही किंमत देता येते. ती लावून पाहा, आणि तरीही रकाने हलत असतील तर त्या फाईलींसाठी सेव्ह करतानाचे फॉरमॅटिंग बंद करा. यावर भांडू नका. "नुसत्या स्पेसा मारत काय बसलायस?" असे मलाही विचारले गेले आहे. त्यावर मी फक्त त्या काट्याच्या तीन ओळी, आधीच्या आणि नंतरच्या, समोर ठेवतो.

जेएसओएन, वायएएमएलमध्येही चालते का?

याही कॉन्फिग फाईल लिहायच्या पद्धती आहेत. जेएसओएनमध्ये चिन्हांमधल्या स्पेसला अर्थ नसतो, चालते. वायएएमएलमध्ये अपूर्णविरामानंतर जादा स्पेस चालतात, पण ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसने रचना ठरते आणि तिथे टॅब चालतच नाही. सुरुवातीला हात न लावता पुढचेच लावा.

हजारो ओळींची जुनी फाईल आहे. सुरुवात कुठून करू?

सगळी एकदम लावू नका. चुकली तर ज्या गटामुळे कोणाचे तरी काम अडेल, तो गट आधी घ्या. आमच्याकडे तो काट्यांचा होता, तुमच्याकडे पगाराचा किंवा औषधसाठ्याचा असेल. तेवढाच लावा, प्रमाणरूप ताडून पाहा, वेगळा कमिट करा. मग पडद्यापासून थोडे मागे सरकून फक्त मोकळी भगदाडे शोधा आणि प्रत्येकापाशी विचारा: ही जागा मुद्दाम कोरी आहे की राहून गेली? मुद्दाम असेल तर ती किंमत उघड लिहून टाका. आमच्या काट्यांच्या फाईलीत आता पॅरिटी नसेल तिथेही पॅरिटी="नाही" असे लिहिलेले असते.